आरोपमुक्त, तरीही मैदानाबाहेर : एका खेळाडूचे दोन खटले

(मांडवा येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

मागच्यांना आवाज येतोय ना? ठीक.

मांडवा म्हटलं की बाहेरगावच्या लोकांना अजून ‘अग्निपथ’मधला विजय दीनानाथ चौहान आठवतो. (हशा) आम्हाला मात्र आज जेट्टीवर उतरताना दुसरंच काही आठवलं. गेटवेहून बोटीत बसलो, पाठीमागे मुंबई लहान होत गेली. त्याच किनाऱ्यावर, गेटवेपासून दोन-तीन किलोमीटरवर, वानखेडे स्टेडियम आहे. आज ज्या माणसाविषयी बोलायचंय, तो मुंबईचा डावखुरा फिरकी गोलंदाज अंकित चव्हाण. १५ मे २०१३ च्या रात्री तो त्या स्टेडियममध्ये राजस्थान रॉयल्सकडून मुंबई इंडियन्सविरुद्ध सामना खेळला, आणि काही तासांतच पोलिसांच्या ताब्यात होता.

जेट्टीवर आम्हाला न्यायला आलेला मुलगा इथल्याच एका टेनिस क्रिकेटच्या संघात खेळतो. विषय कळल्यावर त्याने रिक्षातच विचारलं, ‘सर, कोर्टाने सोडला म्हणजे तो निर्दोष ना? मग बोर्डाने बंदी का नाही उठवली?’ प्रश्न इतका सरळ होता की आम्ही लिहून आणलेली सुरुवात बाजूला ठेवली. आजचं सगळं बोलणं त्या एका प्रश्नाचं उत्तर आहे. आम्ही वकिलीतली माणसं, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

आधी काय घडलं ते. १६ मे २०१३ च्या पहाटे दिल्ली पोलिसांच्या विशेष पथकाने मुंबईत येऊन राजस्थान रॉयल्सच्या तीन खेळाडूंना अटक केली : एस. श्रीशांत, अजित चंडिला आणि अंकित चव्हाण. आरोप स्पॉट फिक्सिंगचा. म्हणजे अख्खा सामना हरायचा नाही, एखाद्या ठरलेल्या षटकात ठरलेल्या धावा द्यायच्या आणि त्याआधी बुकीला कळेल अशी खूण करायची. पोलिसांनी तीन सामने सांगितले : ५ मेचा जयपूरचा, ९ मेचा मोहालीचा आणि १५ मेचा वानखेडेवरचा. रकमाही सांगितल्या. चव्हाणच्या नावापुढे ६० लाख, श्रीशांतच्या ४० लाख, चंडिलाच्या २० लाख. चंडिला खूण करायला विसरला म्हणून त्याचे पैसे परत मागितले गेले, असंही पोलिसांचं म्हणणं होतं. हे सगळं पोलिसांचं म्हणणं, हे लक्षात ठेवा. कारण त्या दिवशी ते कोणीच लक्षात ठेवलं नाही. दिल्लीचे तेव्हाचे पोलीस आयुक्त नीरज कुमार यांनी पत्रकार परिषदेत सामन्यांच्या चित्रफिती दाखवल्या, हा रुमाल बघा, ही खूण बघा. संध्याकाळपर्यंत देशाचा निकाल लागला होता.

चव्हाण तेव्हा सत्तावीस वर्षांचा. त्याच मोसमात रणजीमध्ये पंजाबविरुद्ध वानखेडेवर त्याने एका डावात नऊ बळी घेतले होते. मुंबईसारख्या संघात जागा मिळवणं काय असतं हे इथल्या मुलांना सांगायला नको. आणि पंधरवड्यावर लग्न होतं. कोर्टाने लग्नापुरता अंतरिम जामीन दिला, २ जूनला लग्न झालं, ६ जूनला तो पुन्हा कोठडीत हजर झाला. पोरगी वरात घेऊन परत जाणार नाही ना, या धास्तीत किती घरं त्या चार दिवसांत जागी राहिली असतील, याचा हिशेब कुठल्या आरोपपत्रात नसतो.

आता आरोपांकडे येऊ. सुरुवातीला कलमं होती भारतीय दंड संहितेतलं ४२०, म्हणजे फसवणूक, आणि १२०ब, म्हणजे कट. जूनच्या सुरुवातीला पोलिसांनी त्यात मोक्का लावला. मोक्का हा आपला, महाराष्ट्राचा कायदा. नव्वदच्या दशकात मुंबईत टोळीयुद्धं, खंडण्या, बिल्डरांवर गोळीबार हे रोजचं झालं, त्यातून १९९९ मध्ये तो आला. २००२ मध्ये तो दिल्लीलाही लागू केला गेला. म्हणून हा प्रकार : महाराष्ट्राच्या खेळाडूवर दिल्लीच्या पोलिसांनी दिल्लीच्या कोर्टात महाराष्ट्राचा कायदा लावला.

मोक्का लागला की काय बदलतं? जामीन. साध्या गुन्ह्यात जामीन मिळणं हा नियम मानला जातो. मोक्कात मात्र आरोपी दोषी नसावा असं मानायला वाजवी कारण आहे, आणि बाहेर गेल्यावर तो गुन्हा करणार नाही, असं कोर्टाला वाटावं लागतं. म्हणजे खटला सुरू होण्याआधीच अर्धा निकाल मागितल्यासारखं झालं. पण तो लावायलाही अटी कडक आहेत. संघटित टोळी हवी, तिचं सातत्याने चालू असलेलं बेकायदा काम हवं, मागच्या दहा वर्षांत त्या टोळीविरुद्ध एकाहून जास्त आरोपपत्रं कोर्टाने दखल घेतलेली हवीत. पोलिसांचा दावा असा की सट्ट्याचा धंदा दाऊद इब्राहिम आणि छोटा शकील यांच्या टोळीच्या हातात आहे आणि खेळाडू त्या साखळीतला शेवटचा दुवा. जुलै २०१३ मध्ये आरोपपत्र दाखल झालं त्यात ही दोन्ही नावं होती.

इथे आम्हाला थोडं थांबायचंय, कारण या प्रकरणातली पहिली चूक आमच्या मते इथे आहे. खेळाडूने पैसे घेऊन वाइड टाकला, हा एक आरोप. तो खेळाडू दाऊदच्या टोळीचा माणूस आहे, हा दुसरा, कितीतरी जड आरोप. पहिला सिद्ध करणं कदाचित जमलं असतं. दुसरा सिद्ध करायला फोनवर बोलणाऱ्या बुकीपासून थेट कराचीपर्यंत धागा दाखवावा लागतो आणि त्या खेळाडूला तो धागा माहीत होता हेही दाखवावं लागतं. १० जूनला श्रीशांत आणि चव्हाणसह बऱ्याच आरोपींना जामीन देतानाच कोर्टाने या धाग्याबद्दल शंका घेतली होती.

मग २५ जुलै २०१५. पटियाला हाउस कोर्टात न्यायाधीश नीना बन्सल कृष्णा यांनी हजर असलेल्या सगळ्या ३६ आरोपींना आरोपमुक्त केलं. प्रथमदर्शनी पुरावा नाही. तिन्ही खेळाडू सुटले. श्रीशांत कोर्टात रडला, ती दृश्यं तुम्ही टीव्हीवर पाहिली असतील. दिल्ली पोलिसांनी पुढे या आदेशाला हायकोर्टात आव्हान दिलं.

‘आरोपमुक्त’ हा शब्द नीट धरून ठेवा. पेपरात त्या दिवशी कुठे ‘निर्दोष’ छापलं, कुठे ‘क्लीन चिट’. कायद्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खटला चालला, साक्षीदार आले, उलटतपासणी झाली, आणि मग कोर्टाने सांगितलं की गुन्हा शाबित होत नाही, तर ती निर्दोष मुक्तता. आरोपमुक्ती त्याच्या बरीच आधी होते. पोलिसांनी कागद दिले, कोर्टाने ते वाचले आणि म्हटलं, हे सगळं खरं मानलं तरी या कलमांखाली खटला चालवण्याइतकं यात काही नाही. म्हणजे खटलाच सुरू झाला नाही. एकाही साक्षीदाराला कोणी विचारलं नाही की बाबा, तू हे पाहिलंस का. त्या टेपांमधला आवाज कोणाचा, त्या पैशांचं काय झालं, त्या षटकात खूण होती की घाम पुसला होता, यातलं काहीही उलटतपासणीच्या कसोटीवर घासलं गेलं नाही.

रिक्षातल्या आमच्या मित्राच्या प्रश्नाचं पहिलं अर्धं उत्तर हे आहे. कोर्टाने ‘त्याने केलं नाही’ असं म्हटलं नाही. ‘त्याने केलं’ असंही म्हटलं नाही. कोर्टाने म्हटलं, तुम्ही लावलेल्या कायद्यात हे बसत नाही.

का बसत नाही? मोक्काचं सांगितलं. पण ४२० तरी? पैसे घेऊन मुद्दाम वाईट चेंडू टाकणं ही फसवणूक नाही तर काय, असं कुणालाही वाटेल. कायद्यातली फसवणूक मात्र अशी आहे : कोणीतरी कोणाला तरी फसवायचं आणि त्या फसवणुकीमुळे त्या माणसाने काहीतरी मालमत्ता, पैसा, हातचा सोडायचा. आता सांगा, वानखेडेवर कोण फसलं? प्रेक्षक? त्याने तिकीट आधीच काढलं होतं, खेळाडूने त्याला ‘तिकीट काढ’ असं सांगितलं नव्हतं. बुकीकडे पैसे लावणारा? तो स्वतःच बेकायदा धंद्यात आहे, तो पोलिसांत तक्रार द्यायला येतो कशाला. (हशा) संघमालक? बोर्ड? त्यांना धक्का बसला, पण त्या षटकामुळे त्यांनी नेमकी कोणती मालमत्ता कोणाला दिली?

हा केवळ एका दिल्लीच्या न्यायाधीशांचा विचार नव्हता. कर्नाटक प्रीमियर लीगमध्ये २०१९ मध्ये असंच प्रकरण झालं, खेळाडूंना अटक झाली. जानेवारी २०२२ मध्ये कर्नाटक हायकोर्टाने त्यातला खटला रद्द केला. म्हटलं, प्रेक्षक चांगला खेळ बघायला मिळेल या आशेने येतात हे खरं, पण तिकीट ते आपल्या मर्जीने काढतात, त्यामुळे मॅच फिक्सिंग ४२० मध्ये बसत नाही. बोर्डाच्या नियमात बसेल तर बोर्डाने कारवाई करावी. तो मुद्दा पुढे सुप्रीम कोर्टात गेला.

थोडक्यात, ज्या गोष्टीला आपण सगळे एका आवाजात गुन्हा म्हणतो, तिला गुन्हा म्हणणारं कलम आपल्याकडे नाही. २००० साली हॅन्सी क्रोनिए प्रकरण दिल्ली पोलिसांनीच उघडकीला आणलं, तेव्हाही हीच अडचण होती. २०१३ नंतर केंद्राने खेळातल्या फसवणुकीविरुद्ध विधेयकाचा मसुदा केला, तो कायदा झाला नाही. २०१८ मध्ये विधी आयोगाने आपल्या २७६व्या अहवालात मॅच फिक्सिंगला स्वतंत्र गुन्हा करा अशी शिफारस केली. आता जुनी दंड संहिता जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. तिच्यात टोळीने केलेल्या छोट्या संघटित गुन्ह्यांमध्ये बेकायदा सट्टा आणि जुगार आलाय. तो सट्टा घेणाऱ्याला लागेल. वाइड टाकणाऱ्याला थेट लागेल असं कलम तिच्यातही नाही. श्रीलंकेने २०१९ मध्ये असा कायदा केला, दहा वर्षांपर्यंत कैद ठेवली. आपल्यापेक्षा कितीतरी लहान देश आहे तो.

आता प्रश्नाचं दुसरं अर्ध : बंदी.

१३ सप्टेंबर २०१३ ला, म्हणजे कोर्टाच्या निकालाच्या जवळजवळ दोन वर्षं आधी, बीसीसीआयच्या शिस्तपालन समितीने रवी सवानी यांच्या चौकशी अहवालावरून श्रीशांत आणि चव्हाणवर आजन्म बंदी घातली. चंडिलाची चौकशी लांबली, त्याला २०१६ मध्ये तीच शिक्षा झाली. २०१५ मध्ये कोर्टाने सोडल्यावर बोर्डाने लगेच सांगितलं, आमचा निर्णय वेगळा आहे, तो कायम राहील.

लोकांना हे फार टोचलं. कोर्टापेक्षा बोर्ड मोठं का? पण इथे बसलेल्यांपैकी ज्यांचं कोणी एसटीत आहे, त्यांना हे समजायला हवं. कंडक्टरच्या गाडीवर तपासणी पथक चढलं, पाच माणसं बिनतिकीट सापडली आणि त्यांचे पैसे घेतलेले निघाले. पोलिसांत गुन्हा न नोंदवताही खातेनिहाय चौकशी होऊन नोकरी जाते की नाही? जाते. १९७७ मध्ये हरियाणाच्या एका कंडक्टरचं असंच प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं होतं. प्रवाशांचे जबाब घेतले नाहीत, अशी त्याची तक्रार होती. कोर्ट म्हणालं, खात्याच्या चौकशीला पुराव्याच्या कायद्याचे कडक नियम लागत नाहीत, थोडाफार विश्वासार्ह पुरावा असला की पुरे. फौजदारी खटल्यात गुन्हा वाजवी संशयापलीकडे शाबित करावा लागतो, कारण तिथे माणसाचं स्वातंत्र्य पणाला असतं. खात्याच्या चौकशीत तराजू किती झुकतो एवढंच बघतात. एकच घटना, दोन वेगवेगळी वजनं. त्यामुळे फौजदारीत सुटलेला माणूस खात्यात दोषी ठरू शकतो, आणि त्यात विसंगती नाही.

श्रीशांत भांडला. केरळ हायकोर्टाच्या एकल न्यायाधीशांनी ऑगस्ट २०१७ मध्ये बंदी उठवली, ऑक्टोबरमध्ये खंडपीठाने पुन्हा लावली. १५ मार्च २०१९ ला सुप्रीम कोर्टात न्यायमूर्ती अशोक भूषण आणि के. एम. जोसेफ यांनी निकाल दिला, आणि आमच्या मते तो फार मोजून-मापून दिलेला निकाल आहे. बोर्डाने त्याला दोषी धरलं त्यात ढवळाढवळ केली नाही. पण शिक्षा रद्द केली. कारण बोर्डाच्याच भ्रष्टाचारविरोधी नियमांत अशा गुन्ह्याला पाच वर्षांपासून आजन्मापर्यंत बंदी आहे, आणि किती द्यायची हे ठरवताना खेळाडूच्या बाजूचे आणि विरोधातले मुद्दे तपासायला हवेत. समितीने ते तपासलेच नव्हते. सरळ सगळ्यात मोठी शिक्षा उचलून दिली. फेरविचार बोर्डाचे लोकपाल, निवृत्त न्यायमूर्ती डी. के. जैन यांच्याकडे आला. त्यांनी ती सात वर्षांवर आणली. ती १३ सप्टेंबर २०२० ला संपली. चव्हाणचा अर्ज नंतर आला, त्यालाही तेच माप लागलं. पण तो आदेश निघेपर्यंत २०२१ उजाडलं होतं. म्हणजे संपलेली बंदी संपली आहे हे कळायलाही आणखी काही महिने गेले. सत्तावीसचा होता, आता पस्तीसचा झाला.

एसटीचं उदाहरण एका ठिकाणी मात्र पुरत नाही, आणि तेच महत्त्वाचं ठिकाण आहे. एसटीतून काढलेला कंडक्टर विक्रम-मिनीडोर चालवेल, दुकान टाकेल. क्रिकेटमधून काढलेला क्रिकेटपटू कुठे खेळेल? बोर्डाशी संलग्न असलेली प्रत्येक संघटना, प्रत्येक स्पर्धा बंद. आयपीएल सोडा, मुंबईत पावसाळ्यात चिखलात खेळली जाणारी कांगा लीगही बंद. दुसरा मालक नाहीच. बीसीसीआय ही तमिळनाडूत नोंदलेली एक सोसायटी आहे, सरकारी खातं नाही. पण ती सार्वजनिक स्वरूपाचं काम करते आणि म्हणून हायकोर्टात तिला जाब विचारता येतो, हे सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्येच सांगितलं. एवढी सत्ता ज्याच्या हातात, त्याने शिक्षेची कारणं लिहायला हवीत ना? २०१३ ला ती धडपणे लिहिली असती, तर पुढची सहा वर्षं कोर्टांत गेली नसती.

अझरुद्दीनचं आठवा. ९९ कसोटी खेळलेला कर्णधार. डिसेंबर २००० मध्ये आजन्म बंदी. नोव्हेंबर २०१२ मध्ये आंध्र हायकोर्टाने ती बेकायदा ठरवली. तोवर तो एकोणपन्नास वर्षांचा होता. त्या निकालाचं त्याने मैदानावर काय करायचं?

उलट बाजू बघा. ऑगस्ट २०१० मध्ये लॉर्ड्सवर पाकिस्तानच्या मोहम्मद आसिफ आणि मोहम्मद आमिर यांनी ठरवून नो-बॉल टाकले, कर्णधार सलमान बट त्यात सामील. इंग्लंडमध्ये कायदा होता : सट्ट्यात फसवणूक हाच गुन्हा आहे, ‘तिकीट कोणी काढलं’ वगैरे भानगड नाही. नोव्हेंबर २०११ मध्ये लंडनच्या कोर्टात शिक्षा झाल्या. बटला तीस महिने, आसिफला वर्षभर, आमिरला सहा महिने. आमिर गुन्ह्याच्या वेळी अठराचा होता, त्याने कबुली दिली. त्याआधीच आयसीसीने त्याला पाच वर्षांची बंदी घातली होती. तुरुंग भोगला, बंदी भोगली, परत आला. आणि १८ जून २०१७ ला ओव्हलवर चॅम्पियन्स ट्रॉफीच्या अंतिम सामन्यात रोहित, कोहली, धवन कोणी काढले हे मला वाटतं इथे सांगायची गरज नाही. (हशा, कुजबुज)

आता हे शेजारी-शेजारी ठेवा. तिकडे दोषी ठरलेला पोरगा पंधरा महिन्यांत निकाल घेऊन मोकळा झाला आणि वयाच्या पंचविशीत पुन्हा खेळला. इकडे एकाही कोर्टाने दोषी न ठरवलेला गोलंदाज पस्तिशीपर्यंत बाहेर. आम्ही चव्हाणचं वकीलपत्र घेतलेलं नाही. तो निर्दोष होता असं म्हणत नाही, तसं म्हणण्याचा अधिकार आम्हाला नाही. आमचं म्हणणं एवढंच की त्याने केलं असेल तर ते शाबित होण्याची, आणि केलं नसेल तर तसं जाहीर होण्याची जागा या देशात नव्हती. योग्य कलम नसण्याचा फायदा फक्त लबाडाला होतो असं आपण धरून चालतो. तसं नाही. निरपराध माणसालाही त्यात कायमचा संशय मिळतो, कारण त्याचा खटला कधी उभाच राहत नाही.

कोणी म्हणेल, सगळ्या खेळाडूंचं असंच का? नाही. कुस्तीपटू सुशील कुमारवर २०२१ मध्ये छत्रसाल स्टेडियममधल्या खुनाचा आरोप आला. तिथे कलमाचा प्रश्न नाही, खून म्हणजे खून. तिथे प्रश्न जामिनाचा. मार्च २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टाने जामीन दिला, ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टाने रद्द केला. नवज्योत सिद्धू यांचं प्रकरण १९८८ चं, पटियालाच्या रस्त्यावरच्या भांडणातल्या मृत्यूचं. त्याचं ओझं डोक्यावर असताना ते नव्वदच्या दशकात भारतासाठी खेळत होते, आणि एका वर्षाची शिक्षा झाली २०२२ मध्ये. म्हणजे माणूस मेला तरी खेळ चालू, आणि वाइडचा आरोप झाला की खेळ त्या दिवशी बंद. ऐकायला विचित्र वाटतं, पण खेळाच्या संघटनेच्या बाजूने बघा. तिच्याकडे विकायला एकच गोष्ट आहे, खेळ खरा असल्याचा विश्वास. तिचा नियम त्याचं रक्षण करतो. समाजाचं रक्षण करण्याचं काम तिचं नाही.

खरं तर ज्याला पोलिसांनी कधी हातही लावला नाही, तोही या नियमातून सुटत नाही. मुंबईचाच फलंदाज हिकेन शाह. २०१५ मध्ये सहकारी खेळाडूला भ्रष्ट प्रस्ताव दिल्याच्या आरोपावरून निलंबित झाला, २०१६ मध्ये पाच वर्षांची बंदी आली. आणि २०१३ च्याच प्रकरणात सिद्धार्थ त्रिवेदी. त्याच्यावर कोर्टात खटला नव्हता, तो सरकारी पक्षाचा साक्षीदार होता. पण बुकी भेटल्याचं त्याने बोर्डाला कळवलं नाही, म्हणून एक वर्षाची बंदी. पोरांनो, हे नीट ऐका. गप्प बसणं हाही नियमभंग आहे. ‘मी पैसे घेतले नाहीत ना’ हे उत्तर तिथे चालत नाही.

आता प्रश्न घेऊ. वेळ आहे, शेवटच्या बोटीला अजून अवकाश आहे.

(प्रश्न : आमच्याकडे गावोगाव टेनिसच्या स्पर्धा होतात, लाखाची बक्षिसं असतात, बाहेर बसून पैसेही लावतात. त्याला काय लागतं?)

पैसे लावणाऱ्याला आणि घेणाऱ्याला लागतो आपला जुगार प्रतिबंधक कायदा, तोही १८८७ चा, इंग्रजांच्या काळातला. टोळी करून धंदा चालत असेल तर आताची न्याय संहिता. खेळणाऱ्याने मुद्दाम झेल सोडला तर काय, हे इतका वेळ तेच सांगतोय. शिवाय या स्पर्धा बोर्डाच्या छत्राखाली नाहीत. म्हणजे इथे दुसरा खटलाही नाही. तुमच्या आयोजन समितीने नियमपत्रकात दोन ओळी घातल्या, कोणी प्रस्ताव दिला तर कुणाकडे सांगायचं ते लिहिलं, आणि काढून टाकण्याआधी खेळाडूचं ऐकून घ्यायचं ठरवलं, तर २०१३ च्या बोर्डापेक्षा तुमचं बरं काम होईल. (टाळ्या)

(प्रश्न, एका आईचा : माझा मुलगा मुंबईत क्लबकडून खेळतो. उद्या असं काही बालंट आलं आणि पोलीस घरी आले, तर आम्ही करायचं काय?)

ताई, देव करो आणि तशी वेळ न येवो. आली तर घाबरून गर्दी करू नका. कोणत्या कारणासाठी अटक केली ते लेखी मागा. अटक झाल्याचं घरच्यांना कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. चोवीस तासांच्या आत, प्रवासाचा वेळ सोडून, मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावं लागतं. वकील परवडत नसेल तर कोठडीतल्या माणसाला तो मोफत मिळतो, अलिबागला जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, तिथे जा. मुलाचा फोन तोवर कोणी पुसायचा नाही, भावाने नाही, मित्राने नाही. त्यात निर्दोष असल्याचा पुरावाही असू शकतो.

आणि हे बहुतेक सगळे विसरतात : पोलिसांच्या कागदांबरोबरच क्लबची, असोसिएशनची नोटीस येईल. तिला उत्तर द्यायची मुदत असते, बरेचदा फार थोडी. कोर्टाचं आधी बघू, मग यांचं, असं करून ती चुकवू नका. मात्र तिथे काय लिहायचं ते वकिलाला दाखवल्याशिवाय लिहू नका, कारण तिथे लिहिलेलं कोर्टातही येऊ शकतं. घरी दोन वेगळ्या फाइली करा. एकीवर कोर्ट लिहा, दुसरीवर असोसिएशन. पहिली बंद झाली म्हणून दुसरी आपोआप बंद होत नाही, ती स्वतः जाऊन बंद करून घ्यावी लागते. लोकपालाकडे अर्ज करायचा असेल तर तो लगेच करा.

मागे कुणाचा हात वर आहे? हां, बोला.